बारा मिनिटं पुढं

राजाबाईनं माऊस असा आपटला की टेबलावरचा चहाचा कप नाचला. स्क्रीनवर पुन्हा तोच लाल आकडा. चारशे एक. त्याच्या खाली एकच ओळ, सही अमान्य.

"तुझं तळपट होवो," ती सर्व्हरला म्हणाली. सर्व्हर मुंबईत होता का दिल्लीत, तिला ठाव नव्हतं. जिथं कुठं असंल तिथं त्याला उचकी लागावी, एवढ्या जोरात ती बोलली.

बाहेर टँकरच्या सावलीत आडवा पडलेला ड्रायव्हर फकिरा हसला. "बाई, त्याला शिव्या कळत नसतील. इंग्रजीत द्या."

"तू गप पड. उद्या गाडी यादीत नसली तर टाकीत बसवून झाकण लावते तुला."

चोवीस सालचा मे महिना. नाथसागर धरण तळाला गेलेलं, आणि देवळाई चौकात मात्र रोज एक नवी बिल्डिंग उगवायची. सहा-सहा मजले, वर निळ्या काचा, आणि नळाला हवा. बीड बायपासवर माणसांपेक्षा टँकर जास्त झालते. त्याच रस्त्याच्या कडंला पत्र्याच्या दोन खोल्यांत मल्हाररावांचं टँकरचं ऑफिस. नऊ गाड्या. कोणती गाडी कुठं जाणार, कुणी भरली, कुणी दांडी मारली, हे सगळं राजाबाईच्या हातात. वय चाळीस, शिक्षण दहावी नापास, आवाज असा की वायरलेसची गरज नाय. लहानपणी बापाच्या मागं मेंढरं वळलेली. दोनशे मेंढरांतलं एक कमी असलं तर ही मोजायच्या आधी सांगायची. आधीचा कॉम्प्युटरवाला पोरगा एका बिल्डरकडं पळाला, तवा तिनं रजिस्टर मिटलं आणि सरळ त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. कुणी बसवलं नाय, कुणी उठवायची हिंमत पण केली नाय.

आता भानगड अशी. त्या उन्हाळ्यात सरकारी कामावरच्या टँकरच्या प्रत्येक फेरीची नोंद ऑनलाइन करायचा हुकूम आलता. गाडी कुठं भरली, कुठं रिकामी झाली, किती वाजता निघाली, ही चिठ्ठी मालकाच्या कॉम्प्युटरवरनं सर्व्हरला जाणार. चिठ्ठीवर मालकाची डिजिटल सही. ती सही एका पेनड्राइव्हसारख्या काडीत असती, आणि ती काडी ह्या एकाच कॉम्प्युटरला बसवलेली. सर्व्हर चिठ्ठी वाचणार आणि एक आकडा परत पाठवणार. हिरवा दोनशे आला म्हंजी घेतली. लाल चारशे एक आला म्हंजी मी तुला वळखत नाय, चल फूट. आणि हुकमाची शेवटची अट, आज दुपारी चारच्या आत ज्याच्या पाच चाचणी चिठ्ठ्या हिरव्या होतील, त्याच्याच गाड्या उद्यापासून यादीत.

बाकीच्या आठ गाड्यांचं राजाबाईला एवढं काय नव्हतं. तिचा जीव नवव्या गाडीत अडकलेला. ती बारकी गाडी फकिरा पिशोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्तीवर न्यायचा. साठ घरं. राजाबाईचं माहेर. वाटेत एक वळण असं अवघड की मोठा टँकर तिथं अडकलाच समजा. मल्हारराव यादीतनं गेले तर ती फेरी दुसऱ्या कुणाला जाणार, आणि दुसऱ्या कुणाकडं बारकी गाडीच नाय. मागच्या महिन्यात ह्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि दोन दिवस फेरी चुकली, तर तिची सत्तर वर्षांची माय, पारूबाई, हंडा घेऊन खालच्या नाल्यापर्यंत उतरली आणि घसरून पडली. हात अजून गळ्यात होता.

म्हणून सकाळी नऊपासून राजाबाई खुर्चीतनं उठली नव्हती.

फोनवर सुदर्शन होता. पोरगा देवगाव रंगारीचा, आता पुण्याच्या कंपनीत. हे चिठ्ठीचं सॉफ्टवेअर त्यानंच बसवून दिलं होतं, आणि सोबत एक टेस्टर पण दिला होता. टेस्टर म्हंजी एक खिडकी. वरच्या डब्यात सर्व्हरचा पत्ता, खालच्या डब्यात चिठ्ठी, बाजूला सेंडचं बटण. खरी फेरी पाठवायच्या आधी त्यातनं पाठवून बघायची, म्हंजी चूक कुठं हाय ते कळतं. कळायला पायजे होतं.

"मावशी, पत्त्याच्या शेवटी रिकामी जागा राहिली का बघा."

"नाय राहिली."

"कर्सर नेऊन बघा की."

"नेला बाबा. डोळे फुटले नायत माझे."

"मग जुनी किल्ली, म्हणजे तुमचा ओळखीचा कोड, साठवलेली असेल टेस्टरमध्ये. ती पुसा, नवी टाका."

पुसली, नवी टाकली. चारशे एक.

"टेस्टर बंद करून पुन्हा उघडा."

चारशे एक.

"सहीची काडी काढून दुसऱ्या भोकात लावा."

काढली, फुंकली, पदरानं पुसली, लावली. चारशे एक.

"इंटरनेटचा डबा बंद-चालू करा."

"तो मी न सांगताच तीनदा केला. आता तुझ्या डोक्याचा डबा बंद-चालू कर."

तिकडं सुदर्शन हसला. पण त्याचं हसणं पण सुकलं होतं. "मावशी, खरं सांगू? माझ्याकडं चालतंय. माझी चाचणीची सही लावून हीच चिठ्ठी पाठवली, लगेच दोनशे. तुमच्याकडनं का नाय जात, मलाच समजंना झालंय."

"तुझ्याकडं चालून काय करू? पाणी पुण्यातनं आणू व्हय?"

मल्हारराव दाराशी येरझाऱ्या घालत होते. पांढरा सदरा, कपाळाला भंडारा, आणि दर दोन मिनिटाला नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं. ह्या घड्याळाचं एक सांगायला पायजे. ते बारा मिनिटं पुढं होतं. नुसतं तेच नाय, ऑफिसातली सगळीच वेळ बारा मिनिटं पुढं. मल्हाररावांचं मनगटी घड्याळ पुढं, त्यांचा मोबाईल पुढं, कॉम्प्युटर पण पुढं. त्यांचा बाप खंडेराव मेंढरं घेऊन गोदेकाठानं फिरायचा, आणि पोराला एकच गोष्ट शिकवून गेला, शेजारच्या कळपाच्या आधी पाण्यावर पोचायचं. मागनं पोचला त्याला चिखल. मल्हाररावांनी मेंढरं विकून टँकर घेतले, पण बापाचा शब्द घड्याळात भरून ठेवला. भरायच्या विहिरीवर त्यांची गाडी दहा वर्षं पहिल्या नंबरला असायची. एखादा ड्रायव्हर मोबाईल दाखवून म्हणाला की मालक, अजून वेळ हाय, तर उत्तर ठरलेलं, "ती वेळ तुझ्या घरी. इथं माझी वेळ." दर सोमवारी अंघोळ करून, नारळ फोडून, ते स्वतःच्या हातानं सगळी घड्याळं मिळवायचे. कॉम्प्युटरला तर वेळ बदलायचा पासवर्ड टाकून ठेवलेला, कुणी शहाणपण करू नये म्हणून.

हे सगळ्यांना म्हाईत होतं. म्हणूनच कुणाच्या ध्यानात नव्हतं. घरातल्या कोपऱ्यातला रांजण कुणी बघतं का?

भिंतीवर पावणेचार झाले. सुदर्शन म्हणाला, "मावशी, मला साहेबांनी आत बोलावलंय, पंधरा-वीस मिनिटांत येतो. तोवर माझ्या चालू असलेल्या चिठ्ठीचा सगळा कागद तुम्हाला पाठवतो, गेलेलं पण आणि आलेलं पण. तुमच्याशी ताडून बघा."

कागद स्क्रीनवर आला. "ह्यात वर ह्या आकड्यांच्या ओळी कसल्या?" राजाबाईनं विचारलं.

"त्या वेळेच्या. इंग्लंडची वेळ असते ती, साडेपाच तास मागं. तिकडं बघू नका, डोकं फिरेल. खालची सही बघा फक्त."

फोन बंद.

मल्हारराव थांबले. "गेला का तो?"

"गेला."

"बघ. शिकलेले असेच. मेंढरू घाटात अडकलं की ह्यांची मीटिंग." मग एकदम आवाज खाली आला. "राजाबाई, सोड आता. माझ्या नशिबातच नसंल."

"तुमच्या नशिबाचं तुम्ही बघा अण्णा, माझी माय वर बसलीय." तिनं झटक्यात सेंड दाबलं, लाल आकडा आला, आणि तिनं त्या चिठ्ठीचा जाण्यायेण्याचा सगळा कागद प्रिंटरमधनं ओढला. सुदर्शनचा पण काढला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी पसरले आणि त्याच्यावर वाकली.

सही बघ म्हणाला होता. ती सही म्हंजी दोन ओळी भरून नुसती कचकच अक्षरं, मुंग्या सांडल्यासारखी. त्यात काय बघणार? तिनं ते सोडलं. तिला दुसरंच येत होतं. दोन कळप एकत्र मिसळले की आपलं मेंढरू कोणतं ते कानावरच्या खुणेवरनं काढायचं. अंगाकडं बघायचं नाय, सगळी अंगं सारखीच. खुणा बघायच्या. तिनं बोट ठेवून एक-एक ओळ मिळवायला सुरुवात केली. पत्ता, सारखा. चिठ्ठीची जात, सारखी. लांबी, सारखी. किल्ली वेगळी, ती असणारच. मग आल्या त्या ओळी, ज्यांच्याकडं बघू नको म्हणून सांगितलं होतं.

बघू नको म्हटल्यावर राजाबाई बघणार नाय, असं कधी झालंय?

सुदर्शनचा कागद. चिठ्ठी निघाली नऊ एक्केचाळीस दहा सेकंद. जबाब लिहिला नऊ एक्केचाळीस अकरा सेकंद.

तिचा कागद. चिठ्ठी निघाली दहा वीस दोन सेकंद. जबाब लिहिला दहा आठ पाच सेकंद.

तिनं पुन्हा वाचलं. मग बोटावर मोजलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

तेवढ्यात भिंतीवरचं घड्याळ वाजलं. टण, टण, टण, टण. चार.

मल्हारराव मटकन खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस, पण जसं रबरी ट्यूबमधलं वारं सुटावं तसा. "झालं," ते म्हणाले. "संपलं. फकिरा, वस्तीवर फोन लाव. म्हणावं उद्यापासनं आमची गाडी नाय."

फकिरा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू कुठं गेलं ते त्यालाच म्हाईत. "मालक, म्हातारीला मी काय सांगू?"

"थांब!" राजाबाई एवढ्या जोरात वराडली की शेजारच्या पंक्चरवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "कुणी कुणाला फोन करायचा नाय! अण्णा, इकडं या. हे बघा. माझी चिठ्ठी निघाली दहा वीसला. तिचा जबाब आला दहा आठला."

"मग?"

"मग काय मग! मी हाक मारायच्या आधी त्यानं ओ दिली का? सवाल नंतर आणि जबाब आधी, असं कुठं असतंय?"

मल्हाररावांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"बारा मिनिटं!" तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. "तुमची बारा मिनिटं, अण्णा! जबाबावर सर्व्हर स्वतःची वेळ लिहितो, आणि चिठ्ठीवर हा कॉम्प्युटर त्याची. ती बारा मिनिटं पुढची. सर्व्हरला वाटतंय, जी वेळ अजून झालीच नाय तिची सही माझ्याकडं आली कशी? खोटीच असणार. म्हणून हाकलतोय. सकाळपासनं आपण त्याला उद्याची तारीख टाकलेला दाखला दाखवतोय!"

फकिरानं खिशातला मोबाईल काढला. बघितला. हळूच म्हणाला, "बाई, माझ्यात तीन अठ्ठेचाळीस झालेत."

मल्हाररावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं.

"म्हंजी चार वाजले नायत," राजाबाई म्हणाली. आता ती हसत होती. "मालकाचे वाजले. सरकारचे नाय. अण्णा, उठा. पासवर्ड टाका, घड्याळ मागं घ्या."

मल्हारराव उठले नाय.

"अण्णा!"

"दहा वर्षं झाली," ते म्हणाले. "बापाच्या शब्दाचं घड्याळ हाय ते. एकदा मागं घेतलं तर..."

"तर काय?"

"आपण कधी मागं गेलो नाय, राजाबाई. मागं गेला त्याला चिखल."

दुसरी कुणी असती तर समजूत काढली असती. राजाबाईचं डोकं आधीच तापलेलं. तिनं खुर्ची मागं ढकलली आणि उभी राहिली.

"ऐका. खंडेरावबाबा मेंढरं घेऊन पाण्यावर आधी पोचायचे. खरंय. पण बाजाराच्या दिवशी पाचोडला काय पहाटे तीनला जाऊन बसायचे? गिऱ्हाईक नाय, व्यापारी नाय, नुसतं मैदान? बाजाराला बाजाराच्या वेळेला जायचे. पाण्यावर आधी पोचायचं. चिठ्ठी वेळेवर पोचवायची. भिंतीवरचं ठेवा तुमचं पुढं, हातातलं ठेवा, माझी हरकत नाय. पण ह्या डबड्याला बाबाचा शब्द कळत नाय, आणि वर माझ्या मायचा हात गळ्यात हाय. पासवर्ड टाकता का मी ही काडी उपटून तुमच्या हातात देऊ?"

फकिरा दारातच म्हणाला, "मालक, एकोणपन्नास झाले."

मल्हारराव उठले. कीबोर्डवर एका बोटानं, एक-एक अक्षर शोधत, त्यांनी पासवर्ड टाकला. राजाबाईनं दुसरीकडं मान फिरवली, पण बोट कुठं-कुठं पडलं ते तिच्या डोळ्यानं टिपलंच. खंडेराव. दुसरं काय असणार.

वेळ आपोआप घ्यायचं बटण चालू केलं. कोपऱ्यातला आकडा एकदम लवला. चार दोनचे तीन पन्नास झाले. मल्हाररावांनी डोळे मिटून घेतले, जसं इंजेक्शन देताना घेतात.

राजाबाईनं टेस्टर उघडला. पहिली चिठ्ठी. बोट सेंडवर ठेवलं. दाबलं.

चक्र फिरलं. एक सेकंद. दोन.

हिरवा. दोनशे.

"आला!" फकिरानं दारावर बुक्की मारली. "आला रे आला!"

"एकच आलाय. वराडू नको. चार राहिलेत."

दुसरी, हिरवा. तिसरी, हिरवा. आता ती सुसाट सुटली, आणि सुसाट सुटली की चुकते, हे तिचं जुनं दुखणं. चौथीला सेंड दाबलं आणि लाल.

मल्हाररावांनी हात कपाळाच्या भंडाऱ्याला लावला.

पण हा आकडा वेगळा होता. चारशे नऊ. राजाबाईनं डोळे बारीक केले. "हा वळखत नाय म्हणत नाय. हा म्हणतोय, ही फेरी माझ्याकडं आधीच हाय." चिठ्ठीवर बघितलं तर फेरीचा नंबर तीनच राहिला होता, बदलायला इसरली. "मेले, एकच मेंढरू दोनदा मोजाया निघाले व्हते." नंबर चार केला. दाबलं. हिरवा.

"तीन सत्तावन्न," फकिरा म्हणाला. आता तो पण कुजबुजत होता.

पाचवी. ह्या वेळी तिनं घाई केली नाय. नंबर बघितला. पत्ता बघितला. पाचव्या चिठ्ठीत तिनं मुद्दाम फकिराची बारकी गाडी टाकलेली, आणि उतरायची जागा, डोंगरातली वस्ती. मग दाबलं.

दोनशे. आणि त्याच्या खाली नवीन ओळ, चाचणी पूर्ण, आपली वाहने यादीत समाविष्ट.

मल्हाररावांनी खिशातनं भंडाऱ्याची पुडी काढली आणि अख्खी पुडी वर उधळली. "येळकोट येळकोट जय मल्हार!" पिवळा धुरळा पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्या खोलीत पसरला. राजाबाईच्या केसांत, प्रिंटरवर, कीबोर्डवर, फकिराच्या उघड्या तोंडात. फकिरा ठसकत-ठसकत नाचत होता. पंक्चरवाला काय झालं ते न कळताच "जय मल्हार" म्हणून गेला. मल्हाररावांनी राजाबाईच्या टेबलावरचा रिकामा कप उचलला. मग म्हणाले, "चहा सांगू का?"

"दोन सांगा. सकाळचा नाचून सांडला."

तेवढ्यात फोन वाजला. सुदर्शन. "मावशी, चार वाजून गेले ना... सॉरी, मला निघताच आलं नाही. काय झालं?"

"पाचही गेल्या."

"कशा?"

"तू बघू नको म्हणालास ना, तिथंच बघितलं." आणि तिनं सगळं सांगितलं. चिठ्ठी दहा वीसला, जबाब दहा आठला.

सुदर्शन हसायला लागला, स्वतःवरच हसतात तसं. "मावशी, सकाळपासून ती ओळ माझ्यासमोर होती. तुमची पण होती, माझी पण होती. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की सर्व्हर सही खोटी धरतो, हे मला पाठ आहे. पण घड्याळ मुद्दाम पुढं कोण ठेवील, हे डोक्यातच आलं नाही."

"तू देवगावचा ना रे? तुझ्या बापाच्या घड्याळात किती वाजलेत, इचार एकदा फोन करून."

"...दहा मिनिटं पुढं असतंय," सुदर्शन बारीक आवाजात म्हणाला. "आमचं पण."

"मग!"

"मावशी, तपासायच्या यादीत पहिल्या नंबरला हे टाकतो. आधी घड्याळ बघा."

"टाक. आणि खाली माझं नाव टाक. राजाबाई, दहावी नापास."

दुसऱ्या दिवशी सकाळी फकिराची गाडी भरायच्या विहिरीवर पहिल्या नंबरला होती, कारण भिंतीवरचं घड्याळ मल्हाररावांनी बारा मिनिटं पुढंच ठेवलेलं. कॉम्प्युटर तेवढा सरकारच्या वेळेवर. त्याच्यावर मल्हाररावांनी स्वतः एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरांत, ह्या घड्याळाला कुणी हात लावू नये, मालकानं सुद्धा.

साडेआठला वस्तीवरनं फोन आला. मागं पाण्याचा आवाज येत होता, नळी उघडल्यावर येतो तसा धबाधबा, आणि बायांचा कालवा.

"राजा," पारूबाई म्हणाली, "गाडी आली गं. हा फकिरा सांगतोय, तू काल सरकारला खोटं पाडलं."

"सरकारला नाय, आये. घड्याळाला."

"दोन्ही एकच," म्हातारी म्हणाली. "थांब, माझा नंबर आलाय." आणि फोन तसाच चालू ठेवून हंडा उचलायला गेली.

राजाबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं, पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर, फेरी नंबर एक टाकली. दाबलं.

हिरवा.